हँडबिलावर नसलेली नावे

दरवर्षी ५ नोव्हेंबर उजाडला की सांगलीत रंगभूमीदिनाची पूजा मांडली जाते. १८४३ साली सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाखाली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा जन्म झाला, हे वाक्य शाळकरी पोरापासून पालकमंत्र्यापर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे. भावे यांच्या कर्तृत्वाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो 'जन्म झाला' या शब्दांविषयी. त्यापूर्वी सांगलीत येऊन ज्यांनी दरबाराला खेळ दाखवले आणि ज्यांचे पाहून 'आपल्याही भाषेत असे काही करा' अशी आज्ञा झाली, ती कर्नाटकातील भागवत मंडळी कोण होती, हे या उत्सवात कोणी विचारीत नाही. पेशवाईपासून गावोगाव उभा राहणारा तमाशा तर या वंशावळीत धरलाच जात नाही. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरील कवलापूर या गावाने शिवा-संभा यांचा फड दिला, पुढे काळू-बाळू ही जोडी दिली. या जोडीने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातील यात्रा हसवल्या. तरीही नाट्यपंढरी म्हणायची ती सांगलीला, आणि कवलापूर म्हणजे तिच्या वेशीबाहेरचे एक खेडे!

हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर पक्षाच्या साप्ताहिकाने त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. मान कोणास मिळाला यापेक्षा कोणाच्या श्रमाची नोंद झाली आणि कोणाच्या श्रमाची झाली नाही, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे, आणि तो सरळ अर्थकारणाचा आहे. ज्याच्या हाती वरकड उत्पन्न, त्याच्या हाती कारकून. ज्याच्या हाती कारकून, त्याच्या हाती इतिहास. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणिसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवरील चित्रे पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येतात. वाडा कोणाचा, हे त्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. भिंत कोणी रंगवली, हे विचारावे असे त्यांपैकी कोणाच्या मनातही येत नाही. औंधला राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली संग्रहालय उभारले. ते स्वतः चित्रकार होते, रसिक होते, आणि १९३९ साली आपल्या रयतेच्या हाती राज्यकारभार देण्याइतके उदारही होते. त्यांच्यावर टीका करणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु जो सारा त्या माणदेशी कोरडवाहू जमिनीतून गोळा झाला त्याखेरीज ते संग्रहालय उभे राहिले नसते, हे वाक्य तेथील एखाद्या पाटीवर लिहिले असते तर काही बिघडले नसते.

या युक्तिवादाला एक ठराविक उत्तर मिळते. विद्यापीठातील विद्वान सांगतात की लोककला ही स्वभावतःच सामूहिक असते; तिला कर्ता नसतो; ती 'लोकमानसातून' उमलते. हे उत्तर मोठे सोयीचे आहे, कारण त्यामुळे कोणाचेही देणे लागत नाही. वस्तुतः मराठी परंपरा याच्या नेमकी उलट साक्ष देते. अभंगाच्या शेवटी संत आपले नाव घालतो. लावणीच्या अखेरीस शाहीर आपली मुद्रा उमटवतो, आणि बहुधा आपल्या गुरूचे व गावाचेही नाव घालतो. नाव टिकावे ही इच्छा या मंडळींना नव्हती असे म्हणणे म्हणजे त्यांनी कवितेत कोरून ठेवलेली सही पुसून टाकणे होय. निनावीपणा हा लोककलेचा गुण नाही. बहुतेक वेळा तो लिहून घेणाऱ्याचा आळस असतो, आणि काही वेळा त्याहून वाईट काही असते.

याच भागातील एक उदाहरण घ्यावे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात जन्मलेला श्रीधर कृष्णाजी हा मुलगा तमाशात गेला, जातीने टाकला, आणि पठ्ठे बापूराव या नावाने अजरामर झाला. १९४५ साली तो दारिद्र्यात वारला. त्याच्या त्यागाच्या कथा आजही रंगवून सांगितल्या जातात, त्यावर चित्रपटही निघाला. या कथेतील दुसरे माणूस म्हणजे पवळा. ती हिवरगावची, महार समाजातील. बापूरावांच्या लावण्या जिच्या गळ्यातून आणि पायांतून लोकांपर्यंत गेल्या ती ही बाई. लावणी कागदावर असते तेव्हा ती शाहिराची असते, हे मान्य. पण बैठकीत ती जेव्हा उभी राहते, तेव्हा तान कोठे घ्यावी, शब्द कोठे तोडावा, कोणत्या ओळीवर थांबून समोरच्या पाटलाला घाम फोडावा, हे ठरवणारी बाई ती केवळ गाणारी कशी? ती सहकर्ती आहे. मुद्रा मात्र एकट्या बापूरावांची. त्यांनी जात सोडली म्हणून ते थोर ठरले. पवळेला सोडण्यासारखे काही नव्हतेच, म्हणून तिच्या वाट्याला 'बापूरावांची पवळा' एवढेच बिरुद आले. ब्राह्मणाने खाली उतरणे हा त्याग, आणि महार स्त्रीने कलेच्या बळावर वर चढणे ही कसली तरी भानगड, अशी ही मूल्यव्यवस्था आहे. तिला सरंजामी म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आणखी एक गोष्ट सहज ध्यानात येते. कवलापूरकर, नारायणगावकर, हिवरगावकर, सातारकर — फडावरचे कलावंत गावाचे नाव आडनाव म्हणून लावीत आले. जातीचे आडनाव उघडे पडू नये, हेही त्यामागचे एक कारण असावे. कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या. सहा-सात दशके त्यांनी साताऱ्याचे नाव फडाच्या कनातीवर मिरवले. गाव त्यांच्या आडनावात राहिले. गावाच्या इतिहासात त्या राहिल्या काय? गावोगावच्या शताब्दी स्मरणिका उलगडून पाहाव्यात. सरपंच, चेअरमन, देणगीदार, मंदिराचे विश्वस्त यांची छायाचित्रे रांगेने लागलेली असतात. यात्रेत वर्षानुवर्षे ज्यांनी रात्र जागवली त्यांच्या वाट्याला एक ओळ येते : 'मनोरंजनाचा कार्यक्रम झाला.'

बलुतेदारीचा हिशेब येथे समजून घेतला पाहिजे. खळ्यावर धान्याची रास पडे तेव्हा सुताराला, लोहाराला, चांभाराला त्याचा वाटा मिळे. मांगाची हलगी, होलाराची सनई हीदेखील गावकीची कामेच होती. लग्न असो, बैलपोळा असो वा देवाची पालखी, वाद्याशिवाय पान हलत नसे. पण सुताराने नांगर केला तर त्याला काम म्हणत. मांगाने हलगी वाजवली तर तो त्याचा 'हक्क' आणि 'कर्तव्य' म्हणे! जे जन्मानेच करावयाचे, त्याला कौशल्य कसे म्हणावे? आणि ज्याला कौशल्य म्हणावयाचे नाही, त्याला नाव तरी कशाला? कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. वतन गेले, पण त्या वतनाने घडवलेली नजर गेली नाही. आजही वराती पुढे वाजवणाऱ्या ताफ्याचे बिल देताना यजमान ज्या स्वरात बोलतो, तो कॅटरिंगवाल्याशी बोलतानाचा स्वर नसतो.

साहित्याची स्थिती याहून बरी आहे असे समजणाऱ्यांनी आटपाडीकडे पाहावे. माडगूळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. मराठी कादंबरीत तिचे स्थान अढळ आहे, आणि ते रास्तच आहे. एका तरुण मास्तराच्या डोळ्यांनी पाहिलेली धनगरांची ती वाडी कोण विसरेल? त्याच आटपाडीच्या महारवाड्यात शंकरराव खरात वाढले. बाप तराळ. गावाची सांगी-निरोप पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, सरकारी अंमलदारापुढे धावणे ही कामे आणि त्याबद्दल घरोघर मागावी लागणारी भाकरी, हे सारे त्यांनी १९८१ साली 'तराळ-अंतराळ'मध्ये लिहिले. मधल्या काळात ते मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते. एकच माणदेश, तोच दुष्काळ, तीच माती. पण वर्गात मास्तर 'ग्रामीण जीवनाचे दर्शन' म्हणून शिकवतात ती बनगरवाडी, आणि तराळाचे पुस्तक जाते 'दलित साहित्य' या वेगळ्या फडताळात. गाव माडगूळकरांचे आणि गावकुसाबाहेरचे खरातांचे, अशी वाटणी समीक्षकांनी करून टाकली. वाडी आणि वाडा यांच्यात निरोप घेऊन धावणारा तराळ जर गावात धरायचा नसेल, तर गाव म्हणजे नेमके काय उरते?

म. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे. त्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. 'सीता स्वयंवरा'नंतर अवघ्या बारा वर्षांनी एका कुणबी जोडप्याची भिक्षुकाकडून होणारी नागवणूक रंगभूमीवर आणू पाहणारे हे नाटक छापले कधी गेले? १९७९ साली. सव्वाशे वर्षे! ज्या भाषेत पौराणिक नाटकांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत होत्या, त्या भाषेत या हस्तलिखिताला एक छापखाना मिळू नये, हा योगायोग मानण्यास फार मोठी श्रद्धा लागेल. नाटक दडपले गेले, तरी त्यातील आशय दडपला गेला नाही. सत्यशोधक जलशांनी तो तमाशाच्या बाजात बांधला आणि सातारा जिल्ह्यातील गावोगाव नेला. १९१९ ते १९२१ या काळात येथील कुळांनी जमीनदार-सावकारांपुढे जी मान ताठ केली, तिच्यामागे वर्तमानपत्रे कमी आणि हे जलसे अधिक होते. त्या जलशांतून सोंगाड्या कोण होता, ढोलकी कोणी धरली, गण कोणी बांधला? चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी व्याख्याते मोजले. वाजवणारे मोजले नाहीत.

येथवर बोट दुसऱ्याकडे होते. आता ते स्वतःच्या अंगणाकडे वळवणे प्राप्त आहे, कारण समाजवादी आणि डाव्या चळवळीची पाटीही कोरी नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वगाचा बाज घेतला, बतावणी घेतली, आणि महाराष्ट्राला अभिजात विनोदाची चव दिली. त्याचा अभिमान योग्यच. पण फडावर जन्मलेली, फडावरच म्हातारी झालेली बाई त्या रंगमंचावर क्वचितच आली. बाज उचलला, माणूस मागे राहिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तो सुरू झाला. 'शुद्धीकरणा'च्या त्या वातावरणात 'लोकनाट्य' हा शब्द प्रतिष्ठित झाला आणि 'तमाशा' हा शब्द शिवी म्हणून शिल्लक उरला. सुशिक्षितांना शब्दच तेवढे सुधारता येतात.

अण्णाभाऊ साठे यांच्याबाबत काय घडले? १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मलेला हा माणूस नातलग बापू साठे यांच्या फडात तयार झाला, १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभे केले, आणि १९६९ साली गोरेगावात हलाखीत डोळे मिटले. २००२ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघाले. २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. पुतळ्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या बापू साठ्यांच्या फडात हा शाहीर घडला, त्या फडात आणखी किती माणसे होती, ती कोठे गेली, त्यांच्या घरी आज काय शिजते? एकाला देव्हाऱ्यात बसवले की उरलेल्यांचा हिशेब मिटतो, ही सत्ताधाऱ्यांची जुनी युक्ती आहे. डाव्यांनी तरी तिला बळी पडू नये.

प्रतिसरकारच्या इतिहासाचेही तेच. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा, किसन वीर यांची नावे कारखान्यांच्या कमानींवर आहेत. वाळव्याच्या कारखान्याला नागनाथअण्णांनी स्वतःचे नाव न देता हुतात्मा किसन अहिर यांचे दिले, हे त्यांचे मोठेपण, आणि दुर्मिळ मोठेपण. पण स्त्रिया कोठे आहेत? नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी नव्वदी ओलांडल्यावर सांगितलेली एक हकिकत आहे. १९४३ साली भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी मार खाणाऱ्या बाईचे सोंग आणले. नवरा म्हणून उभा केलेला साथीदार त्यांना बडवू लागला, त्याने डोक्यात घालायला दगड उचलला. ठाण्यातले पोलीस भांडण सोडवायला बाहेर धावले, आणि तेवढ्यात सोबत्यांनी आतील हत्यारे लांबवली. प्रयोग एकच, प्रेक्षक पोलीस, आणि चूक झाली तर शिक्षा फाशीपर्यंत! मराठी रंगभूमीच्या कोणत्या इतिहासात हा प्रयोग नोंदवला आहे? कासेगावच्या इंदुताई पाटणकर होत्या. भाकरीच्या टोपलीखालून चिठ्ठ्या नेणाऱ्या, भूमिगतांना माळ्यावर लपवून दारात पोलिसांना तोंड देणाऱ्या शेकडो बायका होत्या. हौसाबाई २०२१ साली गेल्या. त्यांचे सांगणे टिपून घ्यायला पत्रकार पी. साईनाथ यांना यावे लागले. याच तालुक्यांतील पक्षकार्यकर्त्यांच्या घरांपासून त्यांचे विट्याचे घर किती दूर होते?

काही जुने कार्यकर्ते म्हणतील : आधी पाणी, आधी जमीन, आधी उसाचा भाव, गाणी-बजावणी मागाहून. या म्हणण्यात तथ्य वाटते ते वरवरचेच. मिरजेचे उदाहरण पाहावे. शस्त्रे घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारीचे काम मंदावल्यावर तंतुवाद्याकडे हात वळवला, आणि मिरज सतार-तंबोऱ्याचे माहेर झाले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, मिरजेतच दफन झाले. त्यांच्या स्मृतीचा उत्सव दर्ग्यात होतो. गायकाची पुण्यतिथी होते, तंबोरा करणाऱ्याची होत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट, पण या मानांकनाने कायद्याचे संरक्षण मिळते ते गावाच्या नावाला, आणि नोंद होते ती उत्पादकांच्या संस्थांची. भोपळा निवडणारा, पॉलिश करणारा, घोडीवर जवारी लावणारा रोजंदार त्या नोंदीत आपोआप येत नाही. त्याचे नाव कोठे तरी लिहिलेले असेल तरच तो उद्या वाढीव भावातील वाटा मागू शकेल. नावाची नोंद ही चैन नव्हे. ती मजुरीच्या मागणीची पहिली पायरी आहे.

याची सर्वांत कठोर प्रचिती तमाशा कलावंतांना येते. राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे; २०२४ पासून तिची रक्कम सरसकट दरमहा ५००० रुपये झाली. पन्नाशी उलटलेल्या कलावंताने अर्जासोबत आपल्या कलासेवेचे पुरावे जोडावयाचे असतात : प्रमाणपत्रे, कात्रणे, कार्यक्रमपत्रिका. आता तमाशाचे हँडबिल डोळ्यांसमोर आणावे. ठळक अक्षरांत फडमालकाचे नाव, त्याखाली 'सह' म्हणून प्रमुख गायिकेचे, फारतर सोंगाड्याचे. आणि मग 'भव्य संच'. या भव्य संचात पन्नास-साठ माणसे असतात. फडमालक सावकाराकडून उचल घेतो, कलावंत फडमालकाकडून. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत ट्रकच्या हौद्यात संसार. पावसाळ्यात पुन्हा उचल. तीस वर्षे तुणतुणे धरलेल्या म्हाताऱ्याने तालुक्याच्या कचेरीत कोणते कात्रण दाखवावे? त्याला एकाही वर्तमानपत्राने कधी नावाने ओळखले नाही. जो इतिहास त्याला निनावी म्हणून गौरवतो, तोच त्याला अपात्र ठरवतो. लोकमानसाला मानधन मिळत नाही. ते बँक खाते असलेल्या माणसालाच मिळते.

तेव्हा सातारा-सांगलीतील पक्षशाखांपुढे काम उघड आहे, आणि त्याला ना निधी लागतो ना संमेलन. जात्यावरच्या ओव्या गोळा करताना हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी बाईचे नाव, गाव लिहून ठेवण्याची शिस्त पाळली. एक लाखाहून अधिक ओव्या त्या रीतीने जमल्या. ही रीत शिकण्यास परदेशी जावे लागत नाही. वाळवा तालुक्यातील बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड सिद्ध केले, तेव्हा गावोगावच्या शिक्षकांनी त्यांना साहित्य पाठवले होते. आजचा कार्यकर्ता त्या शिक्षकापेक्षा कमी शिकलेला नाही, आणि त्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. त्यातून तूर्त नेत्यांची भाषणे तेवढी फिरतात.

नोंद घेताना मात्र पुस्तकी लोकांची चूक करू नये. गाणे लिहून घ्यायचे आणि गाणारीला विसरायचे, असे नको. नाव, वडिलांचे नाव, आईचेही नाव, गाव. कोणत्या फडात, कोणत्या सालापासून, काय काम. रात्रीला किती मिळत असे, दौलतजादा कोणाच्या हाती जाई, उचल किती आणि फिटली का. आजारपणात कोणी पाहिले. ही माहिती दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ठरावाने गावच्या दप्तरात घालून घ्यावी. असा ठराव मानधनाच्या अर्जाला जोडावा. कचेरीने तो पुरावा म्हणून नाकारला, तर त्या कचेरीच्या दारात बसण्याइतके बळ पक्षात अजून आहे, अशी समजूत आहे.

चैत्रातील यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पंच नारायणगावला आणि विट्याला फडांच्या राहुट्यांवर जातात. विटा या दोन जिल्ह्यांच्या कार्यकर्त्यांना परके नाही. पंच सुपारीचा आकडा घासून उठतील, तेव्हा राहुटीच्या मागच्या बाजूला चुलीपाशी बसलेल्या माणसांकडे कोणीतरी वही घेऊन गेले पाहिजे, आणि ते या हंगामातच गेले पाहिजे. त्यांतील अनेकांनी सत्तरी ओलांडली आहे.